पातळ पाकातला पेरू

पुण्यातल्या हातगाड्यांवर गोलसर, फिकट पिवळा, पांढऱ्या गराचा जो पेरू दिसतो, त्याला कृषी खात्याच्या कागदांत ‘सरदार’ म्हणतात आणि नर्सरीवाले ‘एल-४९’. यातला ‘एल’ लखनौचा, पण निवड पुण्यातली. खडकीला लागून असलेल्या गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ साली अलाहाबाद सफेदा जातीच्या रोपांमधून हे झाड वेगळं काढलं. याच चीमांनी १९३६ साली तिथंच आळंदीच्या डाळिंबातून जी निवड केली, ती पुढे ‘गणेश’ नावानं महाराष्ट्रभर लागली. गणेशखिंडीची ही बाग १८७३ची. आज तिच्या एका अंगाला विद्यापीठ आहे आणि भोवती वाहनांचा गजबजाट. आपण खातो तो पेरू इथून निघाला, हे बहुतेक पुणेकरांच्या गावीही नसतं.

खडकीची छावणी या बागेहून जुनी. ५ नोव्हेंबर १८१७च्या लढाईनंतर पेशवाई गेली आणि इथं इंग्रजी पलटणींचा मुक्काम पडला. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला. साहेबाच्या जेवणाचा शेवट उकडलेल्या फळानं आणि कस्टर्डनं व्हायचा. त्याच्या देशात त्यासाठी नासपती, सफरचंद, आलुबुखार असायचे. दख्खनच्या पठारावर हाताशी होता पेरू. मग नासपतीच्या जागी पेरू गेला, पाकात दालचिनी-लवंग पडली, आणि अँग्लो-इंडियन व पारशी घरांत ‘स्ट्यूड ग्वावा’ रुळला. मराठी घरांत तो फारसा शिरला नाही. याचं कारण मला आपल्या पाकाच्या सवयीत दिसतं.

आपल्याकडे पाक म्हटला की आधी तार. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत थेंब धरायचा, बोटं उघडायची, तार किती लांब जाते ते बघायचं. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. साखरांबा, मोरावळा, गुळांबा हे सगळं वर्षभर टिकवायचं असतं, आणि ते टिकवण्याचं काम साखर करते. विरघळलेल्या घनपदार्थांचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या पुढे गेलं की बहुतेक जिवाणूंना वापरता येईल इतकं मोकळं पाणीच उरत नाही. एकतारी पाक तर सत्तरीच्या आसपासचा. गोव्यातली पेराड याच घराण्यातली: पेरूचा गर साखरेबरोबर इतका आटवायचा की त्याच्या वड्या पडाव्यात. हे पदार्थ थोर आहेत, पण त्यांत फळाचं मूळ रूप आणि मूळ वास बाजूला पडतो आणि साखर यजमान होते.

मसाल्याच्या पातळ पाकात शिजवलेल्या फळाचा हिशेब याच्या उलट्या टोकाचा. पाक इथं फळ शिजवायला आहे. टिकवायचं काम फ्रिजवर सोपवायचं आणि चार-पाच दिवसांत संपवायचं. एवढं एकदा मनाशी पक्कं केलं की साखर किती, आच किती, लिंबू केव्हा, लवंग किती वेळ, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच मिळत जातात.

आधी साखरेचंच बघू. फळाची प्रत्येक पेशी म्हणजे पातळ पटलात कोंडलेला रस. कच्चं फळ घट्ट पाकात टाकलं तर पटलातून पाणी बाहेर ओढलं जातं; साखर मात्र आत जाऊ शकत नाही. फळ आक्रसतं, चिवट होतं, वरून सुरकुततं. आवळ्याचा मोरावळा घाईनं केला की नेमकं हेच होतं, म्हणून जुन्या बायका आवळ्याला टोचे मारतात आणि पाक दिवसागणिक थोडाथोडा घट्ट करत नेतात. नुसत्या पाण्यात शिजवलं तर उलटं घडतं. फळातली साखर आणि वास पाण्यात उतरतो आणि हाती पाणचट लगदा येतो.

साधारण ६० अंश सेल्सियसला ही पटलं निकामी होतात. मग दार उघडल्यासारखं होतं: पाणी बाहेर येतं, साखर आत जाते, दोन्हीकडे गोडवा सारखा होईपर्यंत ही ये-जा चालू राहते. म्हणजे शेवटी किती गोड लागणार हे आधीच मांडता येतं. एक लिटर पाण्यात ३५० ग्रॅम साखर घातली तर पाक झाला सव्वीस टक्क्यांचा. पेरूत मूळची साखर नऊ टक्क्यांच्या आसपास. साफ केलेले पाऊण किलो पेरू त्यात शिजवून रात्रभर ठेवले तर पेरू आणि पाक दोन्ही वीस टक्क्यांच्या जवळपास येऊन थांबतात. थंडगार खाल्ल्यावर हा गोडवा बेताचा लागतो, कारण थंडपणात जिभेला गोड कमी कळतं. यासाठीच पाक गरम असताना चाखून साखर ठरवू नये. गरम पाक गोड वाटला म्हणून साखर कमी केली तर दुसऱ्या दिवशी पेरू फिका लागतो.

साखर ४५० ग्रॅमपर्यंत नेली तरी बिघडत नाही. साखरेमुळे पेक्टिनला बळकटी येते, त्यामुळे फळ किंचित जास्त घट्ट राहतं. अर्धा किलोच्या पुढे मात्र पेरूचा वास झाकला जातो. २०० ग्रॅमच्या खाली गेलात तर तो आजारी माणसाचा पदार्थ होतो.

आता पेरूची निवड, कारण अर्धी लढाई तिथंच जिंकली जाते. पेरू झाडावरून उतरवल्यावरही पिकत राहतो, त्यामुळे टणक घेऊन घरी दोन दिवस ठेवायला हरकत नाही. हिरवा रंग उतरून पिवळट झालेला, जवळ नेला की वास देणारा, पण अंगठ्यानं दाबला तर न दबणारा पेरू हवा. खाण्यासाठी आपण ज्याला उत्तम म्हणू, तो पाकासाठी एक-दोन दिवस पुढे गेलेला असतो. पूर्ण पिकलेल्या पेरूत पेक्टिन आधीच सुटं झालेलं असतं, उष्णता लागली की फळ बसतं. अगदी हिरव्यागार पेरूला मात्र वासच नसतो, आणि शिजवून वास येत नाही, जातो. सगळे पेरू शक्यतो एका आकाराचे घ्यावेत, नाहीतर लहान विरघळेपर्यंत मोठे कच्चेच राहतात. गुलाबी गराचा पेरूही चालतो, दिसायलाही सुरेख, पण तो लवकर मऊ पडतो, त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

एक किलो म्हणजे मध्यम सहा-सात पेरू. पीलरनं साल अगदी पातळ काढायची, उभे दोन भाग करायचे आणि चहाच्या चमच्यानं मधला बियांचा गोळा गोल खरवडून काढायचा. वाटीची भिंत बोटभर जाड राहिली पाहिजे. दाताखाली पेरू जो किंचित रवाळ लागतो, तो बियांमुळे नाही. लाकडासारख्या कडक भिंतींच्या काही पेशी गरातच असतात, नासपतीतही त्याच. कितीही शिजवलं तरी त्या मऊ होत नाहीत. त्यामुळे रवाळपणा घालवण्यासाठी शिजवत बसू नये. तो पेरूचा स्वभाव आहे.

कापलेला पेरू हवेत तपकिरी पडतो. सफरचंदात, वांग्यात, कच्च्या केळ्यात जे विकर काम करतं तेच इथंही. लिंबू पिळलेल्या पाण्यात वाट्या बुडवून ठेवल्या की ते मंदावतं. पण दहा-पंधरा मिनिटंच. तासभर ठेवल्या तर पेरूचा वास त्या पाण्यात राहील आणि ते तुम्ही मोरीत ओताल.

सालं आणि बियांचे गोळे फेकायचे नाहीत. या सगळ्या खटाटोपातलं मला सर्वांत पटलेलं काम इथून सुरू होतं. ते पातेल्यात घालून वर सव्वा लिटर पाणी, आणि अर्ध-पाऊण तास मंद उकळू द्यायचं. बियांभोवतीचा गर विरघळतो, सालीतला वास उतरतो, पेक्टिन सुटतं. बारीक गाळणीतून, न दाबता, गाळून घ्यायचं. दाबलं की पाणी गढूळ होतं. जे साधारण लिटरभर पाणी मिळतं त्यातच पाक करायचा. मग पाकाला नुसती साखरेची गोडी न राहता पेरूची चव येते, आणि वाट्यांमधून वास बाहेर पळण्याचं प्रमाणही घटतं, कारण बाहेरही पेरूच असतो.

या पाण्यावर हळूहळू गुलाबी-तांबूस छटा चढते. गर पांढरा असूनही. पेरूतल्या काही तुरट द्रव्यांची साखळी आंबट पाण्यात, उष्णतेनं तुटते आणि रंगीत द्रव्यं मोकळी होतात. बिही आणि नासपती खूप वेळ शिजवल्यावर गुलाबी होतात ते याचमुळे, आणि पेरूची जेली लालसर दिसते तीही. त्यामुळे यात खाण्याचा रंग घालणं म्हणजे निव्वळ उतावीळपणा.

पातेलं स्टेनलेस स्टीलचं घ्यावं. लिंबू पडणार असल्यामुळे अॅल्युमिनियम नको आणि कल्हई नसलेलं पितळ तर नकोच. रुंदी अशी हवी की सगळ्या वाट्या एका थरात किंवा फार तर दोन थरांत बसाव्यात. पाक त्यांना जेमतेम बुडवेल इतकाच पुरतो.

लिंबाचं काम चवीपुरतं नाही. भाजीत चिंच किंवा कोकम आधी घातलं की भाजी शिजायला वेळ लागतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आंबटपणात पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सावकाश सुटतं. खाण्याचा सोडा घातल्यावर तीच भाजी लगेच गळते. भाजीत जी अडचण, ती इथं आपल्या कामाची. पेरू गोड, आंबटपणा बेताचा, त्यामुळे लिटरमागे एका मोठ्या कागदी लिंबाचा रस सुरुवातीलाच घालावा, आणि साल किसून नव्हे तर पट्टी काढून टाकावी, पांढरा भाग शक्य तितका वगळून. पाण्याचाही परिणाम होतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला बांधून ठेवतं, म्हणून त्यात डाळ शिजत नाही आणि पेरूही जास्त वेळ घेतो. कोहळ्याचा पेठा करणारे फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात ते याच कारणासाठी. पेरूला चुन्याची गरज नाही, त्याला कुरकुरीत करायचं नाहीये.

मसाल्यांकडे वळण्याआधी एक मूळ गोष्ट. मसाल्यांचा वास त्यांच्या तेलांत असतो आणि ही तेलं पाण्यात फार थोडी विरघळतात. फोडणीत तेल किंवा तूप असतं, म्हणून दोन सेकंदांत मोहरी-हिंगाचा वास घरभर होतो. पाकात तसं काहीच नाही. इथं वेळ हाच उपाय, आणि झाकणही, कारण जे थोडं सुटतं ते वाफेबरोबर निघून जातं. पूड घालून वेळ वाचवायचा मोह होतो. तो आवरावा. पुडीनं पाक गढूळतो, गाळता येत नाही आणि तळाशी कडवट साका बसतो.

लिटरभर पाकाला माझा हिशेब असा: बोटभर दालचिनी, चार लवंगा, तीन हिरवे वेलदोडे किंचित उघडलेले, आठ-दहा काळी मिरी आणि चक्रीफुलाच्या दोन-तीन पाकळ्या. आख्खं चक्रीफूल घातलं तर पाकाला बडीशेपेचा वास सुटतो आणि पेरू कुठे दिसत नाही. बाजारात दालचिनी म्हणून जे जाड, कडक, एकाच वळीचं साल मिळतं ते बहुधा कॅशिया. ते जहाल असतं, निम्मं पुरे. कोकणातली किंवा श्रीलंकेची पातळ, अनेक पदरी, बोटांनी चुरा होणारी दालचिनी मिळाली तर इथं तिचं सोनं होतं.

सगळं एकदम टाकू नये. दालचिनी, मिरी आणि चक्रीफूल पाक गार असतानाच घालायचं, त्यांना वेळ लागतो. लवंग मात्र बेरकी. तिच्या वजनाचा सहावा-सातवा हिस्सा तेलच असतं, त्यातलं बरंचसं युजेनॉल, म्हणजे दातदुखीवर लवंग दाढेत धरल्यावर जीभ बधिर करणारं. रात्रभर लवंग पाकात राहिली तर सकाळी पेरूला दवाखान्याचा वास येतो. म्हणून लवंगा मलमलच्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधायच्या आणि पेरू शिजला की पुरचुंडी उचलायची. वेलदोडे आच बंद करताना. केशर घालायचंच असेल तर तेही आच बंद केल्यावर, पण पेरूच्या वासापुढे केशर हरतं, पैसे वाया जातात.

आणि मीठ. पेरूवर तिखट-मीठ भुरभुरून देणारा हातगाडीवाला चवीचं शास्त्र शिकलेला नसतो, पण त्याचा निर्णय अचूक आहे. चिमूटभर मीठ पाकात घातल्यानं गोडवा चपटा राहत नाही. देठासकट एक आख्खी सुकी लाल मिरची, न फुटलेली, पाकात सोडली तर घशाशी जाणवणारी अगदी हलकी ऊब येते. इंग्रजी पुस्तकांत हे सापडणार नाही. पण पेरू आपल्या रस्त्यावर वाढलेला आहे, त्याला ते साजतं.

आता प्रत्यक्ष शिजवणं. बियांच्या पाण्यात साखर, लिंबू, मीठ आणि मसाले घालून साखर विरघळेपर्यंत गरम करायचं आणि मग कोमट होऊ द्यायचं. उकळत्या पाकात पेरू टाकायचे नाहीत. बटाटा, गाजर, सफरचंद यांच्याबाबत नीट तपासलेली एक गोष्ट आहे: ५५ ते ६५ अंशांच्या टापूतून ते सावकाश गेले तर त्यांच्यातलं एक विकर पेक्टिनला असं बदलतं की ते कॅल्शियमशी जोडलं जातं, आणि पुढे कितीही शिजवलं तरी आकार टिकतो. पेरूच्या बाबतीतही मी हाच मार्ग धरतो. कोमट पाकात वाट्या सोडायच्या आणि सर्वांत लहान बर्नरवर ठेवायचं, जेणेकरून पाक गरम व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागावीत.

पेरू तरंगतात, कारण त्यांच्या गरात हवेची बारीक पोकळी असते. वरचा भाग उघडा राहिला तर तो कोरडा पडतो, तपकिरी होतो आणि कच्चा राहतो. पातेल्याच्या मापाचा बटर पेपर गोल कापून, मध्ये छोटं भोक पाडून थेट फळांवर ठेवायचा, नाहीतर एक लहान स्टीलची ताटली उपडी ठेवायची. ताटलीनं काम होतं, कागदानं जास्त चांगलं होतं, कारण वाफ थोडी निसटत राहते.

पाकाला उकळी येऊ द्यायची नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, त्यामुळे इथं पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. आपल्याला पाक ८५ ते ९० अंशांत ठेवायचा आहे. थर्मामीटर नसेल तर बुडबुडे बघावेत. तळाशी चिकटलेले बारीक बुडबुडे एकेक करून वर येतायत, पृष्ठभाग हलतोय पण फुटत नाही, हा टापू. खळखळ सुरू झाली की दोन तोटे एकदम होतात. वाट्या एकमेकींवर आपटून कडा झिजतात, आणि बाहेरचा गर मध्यापर्यंत उष्णता पोचायच्या आत गळून जातो. गॅस अगदी मंद करूनही खळखळ थांबत नसेल तर पातेल्याखाली लोखंडी तवा ठेवावा.

पाक या तापमानाला आल्यावर वीस मिनिटं ही सर्वसाधारण मुदत, पण घड्याळापेक्षा सुरीच्या टोकावर भरवसा ठेवावा. दहाव्या मिनिटापासून सर्वांत जाड वाटीत टोक खुपसून बघायचं. आत जाताना किंचित अडलं आणि मग सरळ गेलं तर गॅस बंद. लोण्यात गेल्यासारखं गेलं तर उशीर झाला, कारण गरम पाकात पेरू आणखी पंधरा मिनिटं शिजत राहणार आहे. ज्या वाट्या आधी झाल्या त्या झाऱ्यानं उचलून बाजूला ठेवाव्यात आणि पाक कोमट झाल्यावर परत सोडाव्यात.

लवंगांची पुरचुंडी काढायची, वेलदोडे घालायचे, झाकण ठेवायचं आणि विसरून जायचं. शिजवण्याच्या त्या वीस मिनिटांत साखर वाटीच्या बाहेरच्या थरापर्यंतच पोचलेली असते. मध्यापर्यंत जायला तिला तास लागतात. पूर्ण गार झाल्यावर पाकासकट फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खायचं. त्याच संध्याकाळी खाल्लं तर पेरू वेगळा आणि पाक वेगळा लागतो. हा पदार्थ पाहुणे दारात उभे असताना करायचा नव्हे.

पेरूत दर शंभर ग्रॅममागे दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चौपट. त्यातलं काही उष्णतेनं जातं, काही पाकात उतरतं. पाक ओतून देणारे लोक असतात म्हणून हे सांगितलं.

पाक घट्ट हवा असेल तर पेरू काढून घेऊन, मसाले गाळून, मग तो एकटा आटवावा. मसाले ठेवून आटवला तर त्यांचा कडवटपणाही आटून दुप्पट होतो. आटवताना निम्म्यावर थांबावं. बियांच्या पाण्यातलं पेक्टिन, लिंबाचा आंबटपणा आणि वाढत जाणारी साखर, हे तिघं एकत्र आले की जेली तयार होते. चमच्यावरून थेंबाऐवजी पापुद्रा सुटायला लागला तर समजावं की सकाळी फ्रिजमध्ये पाकाऐवजी पेरूची जेली मिळणार आहे. तीही वाईट नाही, ब्रेडला लावून संपते.

दुसऱ्या फळांकडे जायचं तर प्रत्येकाचा वेळ वेगळा. बाजारातली टणक नासपती पेरूइतकाच वेळ घेते, कधी जास्त. सफरचंद दगा देतं. काही जाती आकार धरतात, काहींचा दहा मिनिटांत गोळा होतो. अननसाला आच जास्त चालते. आपल्या पुरंदरच्या अंजिराला, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, शिजवण्याची गरजच जवळजवळ नाही: ताजी, टणकशी अंजिरं देठासकट भांड्यात मांडायची, पाक उकळून वर ओतायचा, झाकण ठेवायचं, बस. त्यांना दालचिनीपेक्षा मिरी आणि लिंबाची साल शोभते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही ओतलेला पाकच पुरे, आणि तोसुद्धा उकळता नको. सीताफळ मात्र या वाटेला नेऊ नये. त्याचा गर तापला की कडवट होतो, कितीही साखर घाला. सासवडची सीताफळं हातानं फोडूनच खाल्लेली बरी.

टिकण्याबद्दल: स्वच्छ काचेच्या बरणीत, पेरू पाकाखाली बुडालेले, फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. वीस टक्क्यांची साखर काहीच राखत नाही, उलट आंबण्याला खाद्य पुरवते. बाहेर ओट्यावर एक दिवस राहिलेल्या पाकात बारीक बुडबुडे दिसले तर त्याचा निरोप घ्यावा. महिनोन्‌महिने बाटलीबंद ठेवायचं असेल तर बाटल्या निर्जंतुक करणं, भरून झाल्यावर उकळत्या पाण्यात ठराविक वेळ ठेवणं, उंचीप्रमाणे तो वेळ वाढवणं, असा तो वेगळाच कारभार आहे. हिवाळाभर पेरू ताजे मिळत असताना त्यात पडण्याचं कारण मला दिसत नाही.

वाढायचं कशाबरोबर? साहेबी उत्तर कस्टर्ड. त्याची अंड्याशिवायची पूड अल्फ्रेड बर्ड नावाच्या बर्मिंगहॅमच्या औषधविक्रेत्यानं १८३७ साली केली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. पुण्यात १९५६ साली वाइकफिल्ड सुरू झाली आणि शाकाहारी मराठी घरांनाही कस्टर्ड सहज घरचं झालं. कस्टर्ड आधी पूर्ण गार करून घ्यावं आणि पेरूवर वरून घालावं. गरम दुधात लिंबाचा पाक पडला तर फाटण्याची भीती असते. कॉर्नफ्लॉवरनं दाटलेलं गार कस्टर्ड तेवढं सांभाळून घेतं. मला स्वतःला कस्टर्डपेक्षा बांधलेल्या दह्याचा चक्का जास्त आवडतो, त्यात साखर अजिबात न घालता. वाटीच्या मधल्या खळग्यात चमचाभर चक्का, वर दोन चमचे पाक आणि पाकातलीच एखादी मिरी, जी खायची नाही. दाताखाली आली तरी काही बिघडत नाही.

पेरू संपून पाक उरतो, तो सोड्यात किंवा थंड पाण्यात लिंबू पिळून प्यावा. किंवा गाळून, कपभर पाणी आणि मूठभर साखर घालून त्याच आठवड्यात दुसऱ्या खेपेला वापरावा. दुसऱ्या खेपेचा पाक पहिल्यापेक्षा गडद गुलाबी येतो आणि मसाला निम्माच लागतो. तिसऱ्या खेपेला मात्र तो तुरट व्हायला लागतो, तेव्हा नवा करावा.